रुमालाखालचं घड्याळ

दयानंदच्या मनगटावरचं नवं घड्याळ अण्णारावने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं, पोराला कुठे तरी लागलंय आणि डॉक्टरने काळी पट्टी बांधून दिलीय. पट्टीच्या मधोमध एक काळा चौकोन होता. ना काटे, ना आकडे.

"बंद पडलंय का रं?" त्याने विचारलं.

"बंद नाही अण्णा, झोपलंय. हात वर केला की जागं होतं." दयानंदने हात वर केला. चौकोनात उजेड पडला.

अण्णाराव बायकोकडे वळला. "ऐकलीस का गुणे? लातूरला आता घड्याळंबी झोपाय लागली."

गुणाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "केवढ्याला पडलं?"

"ब्याण्णव हजार."

गुणाबाईचा हात पिठातच थांबला. "किती तोळ्याचं हाय?"

"सोनं नसतं आई त्यात."

"मग काय असतंय?"

दयानंद सांगू लागला. लातूरच्या एका क्लासमध्ये तो डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि घरात मीठ संपलं हेही त्याला फळ्यासमोर उभं राहिल्यासारखंच सांगता यायचं. घड्याळ पावलं मोजतं. छातीचे ठोके मोजतं. फोन खिशात असला तरी निरोप मनगटावर येतो. रात्री झोप किती लागली, ते सकाळी सांगतं.

"तुझी झोप तुला ठाव नसती व्हय?" अण्णाराव म्हणाला.

"गाढ किती, कच्ची किती, ते नाही ना कळत."

"उठल्यावर डोळे चुरचुरले की कच्ची. न्हाई चुरचुरले की गाढ. एवढ्याला ब्याण्णव हजार मोजलास?" मग त्याचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. "आन् उजव्या हाताला का बांधलास? डावा मोडला का काय?"

दयानंदने बाही खाली ओढली. त्याची बायको सुकन्या हसू दाबत म्हणाली, "फळ्यावर लिहिताना पोरांना दिसावं म्हणून, बाबा."

त्या एका वाक्यावर अण्णारावचा सबंध दिवस छान गेला. जेवताना, पान खाताना, अंगणात बाजेवर पडल्यावर, मधूनच तो "फळ्यावर दिसावं म्हणून" असं म्हणायचा आणि नाकातून हवा सोडायचा. त्यात भर म्हणजे ते घड्याळ दर तासाला दयानंदला थरथरून काही तरी सांगायचं आणि दयानंद उठून अंगणात चार फेऱ्या मारून यायचा.

"काय म्हणूलालं?"

"फार वेळ बसलात, उठा म्हणतंय."

"मी माझ्या बैलाला सुदिक एवढे हुकूम सोडले न्हाईत," अण्णाराव म्हणाला. "आन् बैल तरी एखाद्या बारीला ऐकत नव्हता."

त्याच्या स्वतःच्या डाव्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याने लाल कंधारी गोऱ्ह्यांची पहिली जोडी वाढवून विकली, तेव्हा नांदेडला जाऊन ते घेतलं होतं. अण्णाराव शाळेत गेला नव्हता. घड्याळावरचे आकडे त्याला अक्षरांइतकेच परके होते. पण काटे कुठे उभे आहेत ते कळायचं, आणि कंधारच्या गाडीला किंवा बाजाराला जायला तेवढं पुरत होतं. घड्याळ रोज पाचेक मिनिटं मागे पडायचं. पाच मिनिटांनी कुणाचं काही बुडालेलं त्याने पाहिलं नव्हतं. एवढंच की आता त्याला चावी त्याच्या हाताने देता येत नसे. ती रोज सकाळी गुणाबाई द्यायची, अकरा पिळे.

दोन वर्षांपूर्वी अण्णारावच्या अंगावरून वारं गेलं. लातूरच्या दवाखान्यात सव्वा महिना काढून तो गावी परतला, तेव्हा पाय परत आला होता, जीभ परत आली होती. उजव्या हाताची बोटं मात्र मुठीत वळली ती वळलीच. आणि घरी येऊन पाहतो तर दावण रिकामी. पाचही जनावरं दयानंदने एकाच बाजारात विकून टाकली होती. आईला एकटीला झेपत नव्हतं, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या पाचांत तांबू होती, आणि तांबूची वर्षाची वासरी. तांबूच्या आजीला अण्णारावच्या बापाने दावणीला बांधलं होतं. तेव्हापासून त्या घरात त्या रक्ताची गाय नाही असा एक दिवस गेला नव्हता. लाल कंधारी बघायला लोक पायी यायचे, वशिंडावर हात फिरवायचे आणि पुढची वासरी आम्हाला द्या म्हणून सांगून जायचे. तो वाण एका दुपारी गेला. त्यानंतर अण्णाराव मुलाशी बोलायचा तो टोचूनच.

अशात एके दिवशी सकाळी निवृत्तीचा फोन आला.

निवृत्ती हा नायगावच्या बाजारातला दलाल. अण्णारावच्याच वयाचा. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकतो, घेणारा त्या रुमालाखाली हात घालतो, आणि बोटं धरून भाव चालतो. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच; आधी दहा हजारांचे, मग हजारांचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. अण्णाराव आणि निवृत्ती यांनी चाळीस वर्षं रुमालाखाली एकमेकांची बोटं पिळली होती. तोंडाने ते एकमेकांशी जेवढं बोलले असतील, त्याच्या दहापट त्यांची बोटं बोलली होती. त्यातही अण्णाराव निवृत्तीला अरेतुरे करायचा आणि निवृत्ती त्याला पाटील म्हणायचा. बाजारात हात सगळ्यांचा सारखा, पण हाक सारखी नव्हती.

"पाटील, तांबू गेली. पान लागलं, साप डसला तिला, पावसाळ्यात," निवृत्ती फोनवर म्हणाला. "तिची ती वासरी हाय, आता कालवड झाली. तीन महिन्यांची गाभण. तुमच्या दोघी घेतलेला शिवशंकर विकूलाला, या बाजाराला आणतो म्हणला. त्याची आई वारली, घरात जनावराचं करायला कुणी न्हाई. आता ऐका. मी शिवशंकरचा दलाल हाय. भाव पाडून दे म्हणू नका. पण तुम्हाला सांगितल्याबिगर दुसऱ्याला दाखवावी, हे काही मनाला पटंना."

अण्णारावने फोन ठेवला आणि बराच वेळ रिकाम्या दावणीकडे बघत बसला. ही कालवड गेली की तांबूचं काही उरत नव्हतं.

पण हात कुणाचा घालायचा? त्याची उजवी मूठ उघडत नव्हती, आणि डावा हात सौद्याला चालत नाही. गावातल्या कुणाला न्यावं, तर आपला शेवटचा आकडा त्याला सांगावा लागतो, आणि सांगितलेला आकडा बाजारात आपल्याआधी पोचतो. शेवटी गुणाबाईने त्याला न विचारता लातूरला फोन केला. बाजाराच्या दिवशी सकाळी सकाळी दयानंदची गाडी दारात उभी राहिली.

"मी घालतो हात, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही फक्त सांगा."

"तू?" अण्णाराव म्हणाला. पण हात घालायला दुसरं माणूस नव्हतं. गाडीत बसायच्या घाईत गुणाबाईने त्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि कालवडीला बांधायला नवं दावं दिलं.

कंधार मागे पडेपर्यंत त्याने मुलाला शिकवलं. आजवर त्या पोराला त्याने काही शिकवलं नव्हतं. शिकवायचं वय होतं तेव्हा पोरगं लातूरला शिकत होतं.

"हात उघडा लागतो. अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, खिशात टाकायचं. मी तर डाव्या हातातलं सुदिक काढायचो."

"का बरं?"

"दलालाला हातावरून समजतंय. माणूस किती घाईतला, किती पैशाचा, सगळं." थोडं थांबून त्याने पुढचं सांगितलं. "दुसरं ध्यानात ठेव. हात एकदा आत गेला की भाव तुटंपर्यंत बाहेर काढायचा न्हाई. काढला की सौदा मोडला. मग पुढं उभा असंल तो हात घालतो, आन् त्याला कुणी अडवत न्हाई."

"आणि आकडा?"

"पंचेचाळीस हजारापासून चढ. पासष्टच्या वर जायाचं न्हाई."

दयानंदने मान हलवली. अण्णारावला वाटलं, एवढी सोपी गोष्ट आहे, नीट पार पडेल. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला पाच बोटं मोजता येत असतील.

बाजारात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. दयानंदचे बूट पांढरे होते, दहा पावलांत ते पांढरे राहिले नाहीत. तो शेणातून वाट काढत चालला होता, तेवढ्यात मनगट थरथरलं. त्याने बघितलं.

"काय म्हणूलालं?"

"व्यायाम करताय का, असं विचारतंय."

"त्याला म्हणावं, शेण तुडवून राहिलो."

कालवड बाभळीला बांधलेली होती. ओळखायला विचारावं लागलं नाही. तांबूचंच गडद लाल अंग, डोळ्यांभोवती तीच काळी कड, आणि माणूस जवळ आला की कान आधी डावा फिरवायची सवयसुद्धा तीच. अण्णारावने डावा हात तिच्या गळ्याखाली घातला. ती बुजली नाही. ओळखलं म्हणून नव्हे. शिवशंकरने नीट पाळली होती म्हणून. तेवढं त्याने मनातल्या मनात कबूल केलं. शिवशंकर तिशीतला शेतकरी, हातात कासरा धरून खाली बघत उभा होता. ज्याला जनावर विकायचं नसतं तो असाच उभा राहतो.

देगलूरकडचा एक हेडी, म्हणजे जनावरं विकत घेऊन पुढे विकणारा व्यापारी, कालवडीच्या मागून चक्कर मारून गेला होता आणि आता चार पावलांवर तंबाखू मळत उभा होता. त्याचा टेम्पो भरत आला होता. एकीची जागा असेल.

निवृत्ती आला. पांढरा सदरा, डोळ्यांवर चष्मा. अण्णारावच्या मुठीकडे त्याने एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही.

"चष्मा कशाला रं बाजारात?" अण्णाराव म्हणाला. "अजून पाटीच गिरवूलालास का?"

ही थट्टा जुनी होती. साठीला आल्यावर निवृत्ती आपल्या नातीपाशी, धम्मप्रियापाशी, अक्षरं शिकला होता. ती पहिलीत, हा तिच्या शेजारी. पुढे तो बाजारात खाली पडलेली कागदं उचलून मोठ्याने वाचायचा, खताच्या पिशवीवरचं वाचायचा, एसटीवरच्या पाट्या वाचायचा. अण्णाराव ते बघून तोंड फिरवायचा. तेव्हा भर बाजारात तो म्हणाला होता, "म्हातारपणी पाटी घेऊन बसलास, आता काय कलेक्टर होतोस का?" लोक हसले होते. निवृत्तीही हसला होता.

आताही निवृत्ती थोडा हसला. "गिरवून झाली, पाटील. आता वाचूलालो." मग दयानंदकडे वळून म्हणाला, "साहेब घालणार का हात?"

दयानंदने अंगठी काढून खिशात टाकली. घड्याळ तसंच ठेवलं.

"घड्याळ," अण्णाराव म्हणाला.

"असू द्या ना अण्णा. बाही ओढून घेतो."

"नेम हाय तो."

दयानंद त्याच्या कानाशी आला. "क्लासमधल्या सगळ्या सरांची पैज लागलीय, अण्णा. चार्जिंगचा तासभर सोडून, हातातून न काढता किती दिवस चालतं. आज माझा एकशे बारावा दिवस. काढलं की तुटतं."

बायकापोरं असलेली, पोरांना डॉक्टर करणारी माणसं लातुरात बसून अशा पैजा लावतात, हे त्याला त्या क्षणी जगातलं सगळ्यात घाण वाटलं. पायाखालच्या शेणाला निदान काही उपयोग होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात हेड्याने तंबाखू तोंडात टाकली आणि एक पाऊल पुढे सरकला.

"असू द्या, पाटील," निवृत्ती म्हणाला. "झोपलेलंच हाय ते." आणि त्याने रुमाल टाकला.

हात आत गेला. अण्णारावला रुमालाखालचं दिसत नव्हतं, पण बघायची गरजही नव्हती. निवृत्तीचं कोपर किती हलतं, खांदा कधी आखडतो, यावरून त्याला आकडा कळायचा. पोरगं बरं चाललं होतं. पंचेचाळीस. निवृत्तीने हात झटकल्यासारखा केला, म्हणजे ऐंशी मागितले. पन्नास. पुन्हा एक झटका. पंचावन्न. निवृत्ती पंच्याहत्तरवर आला. अण्णारावने श्वास सोडला. साठ म्हटल्यावर निवृत्ती सत्तरवर येणार, मग दोघं मध्ये कुठे तरी भेटणार. हे त्याला चाळीस वर्षांच्या सवयीने समोर दिसत होतं.

दयानंदने साठची बोटं धरली.

आणि रुमालाखाली उजेड पडला.

पांढऱ्या फडक्यातून तो हिरवट उजेड बाहेर आला आणि त्याबरोबर गुंईं गुंईं असा थरथराट. भोवतीची दोनचार माणसं वाकली. दयानंदने विचार केला नाही. दिवसातून शंभरदा जे करायचा तेच त्याने केलं. हात रुमालाखालून सरळ बाहेर काढला, मनगट नाकापाशी नेलं आणि वाचलं.

त्याला चाळिशी लागली होती, म्हणून घड्याळातली अक्षरं त्याने मोठी करून घेतली होती. निवृत्तीचं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. निवृत्तीचे डोळे चष्म्यामागे त्या चौकोनावर गेले, ओठ किंचित हलले, आणि मग तो शांत झाला. अण्णारावने ती शांतता ओळखली. सौद्यात समोरच्याची घाई अशी एकदम गेली, की समजावं, त्याला काही तरी सापडलंय.

"हात काढला," हेडी म्हणाला.

दयानंदने दचकून घड्याळातून वर बघितलं. "नाही नाही, मी फक्त..." त्याने हात परत रुमालाकडे नेला.

"साहेब, हात काढला तुम्ही," हेडी पुन्हा म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती. भोवतीची माणसं मान हलवत होती. निवृत्तीनेही मान हलवली.

"सौदा मोडला, साहेब," तो म्हणाला.

हेड्याने बाही वर सारली. त्याचा हात उघडा होता; ना अंगठी, ना घड्याळ, नखांत तंबाखू. तो दोन पावलं पुढे आला. अण्णारावच्या डोळ्यांसमोर तो टेम्पो आला आणि टेम्पोतली ती एक जागा.

पुढे काय झालं ते अण्णारावने ठरवून केलं नव्हतं. त्याने हेड्याच्या आधी, मुलाला खांद्याने बाजूला सारून, आपला उजवा हात रुमालाखाली घातला.

मूठ.

निवृत्तीची बोटं तिच्यावर आली आणि थांबली. एक बोट शोधलं, सापडलं नाही. दुसरं शोधलं. हातात सगळी मूठच.

बाजारात मुठीला एकच अर्थ आहे. घेणाऱ्याने बंद मूठ दिली म्हणजे, तू म्हणशील तो भाव. असा हात माणूस आपल्या माणसाला देतो. समोरच्याच्या दलालाला कुणी देत नाही. अण्णारावने चाळीस वर्षांत एकदाही दिला नव्हता. निवृत्तीला तर नाहीच. आता त्याच्या हाताला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

निवृत्तीने मूठ सोडली नाही. दुसऱ्या हाताने शिवशंकरला जवळ बोलावलं, त्याच्या कानात काही विचारलं. शिवशंकरने कालवडीकडे बघितलं आणि मान डोलावली.

"सत्तर," निवृत्ती मोठ्याने म्हणाला. मुठीचा भाव तोंडाने सांगायचा असतो.

हेड्याने बाही खाली सोडली आणि दुसऱ्या बाभळीकडे गेला.

सत्तर म्हणजे आपल्या आकड्यापेक्षा पाच वर. पण अण्णाराव मनात वेगळंच धरून बसला होता. तो चौकोन वाचल्यावर निवृत्ती सत्तरवर थांबणार नाही, याची त्याला खात्री होती. त्याने रुमालातून हात काढून घेतला. "काय वाचलास?" त्याने हळूच विचारलं.

निवृत्तीने रुमाल झटकला, चार घड्या घातल्या आणि खांद्यावर टाकला.

"जास्त ताणू नका. ऐंशीपर्यंत गेलं तरी द्या. बाबांची गाय घरी आली पाहिजे." त्याने एकेक शब्द सुटा करून म्हटला, खताच्या पिशवीवरचं वाचतात तसा. "खाली सुकन्या असं नाव होतं. सून का तुमची?"

अण्णाराव कालवडीकडे बघू लागला.

"ऐंशी मिळत होते मला, पाटील. लिहून आले होते. साहेबांनी नाकापुढं धरले माझ्या." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अण्णारावला परवडला असता. "पण रुमालाखाली बोटांनी आलं तेवढंच मी घेतो. वाचलेलं घेत न्हाई. शिवशंकरचं मागणं अडुसष्टाचं होतं, त्याला दोन जास्त मिळाले. तुमची मूठ होती म्हणून सत्तर. ती नसती तर जनावर त्याच्या टेम्पोत गेलं असतं आन् मी रोखलं नसतं."

मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत तो म्हणाला, "कलेक्टर न्हाई झालो बघा. पर तुमच्या सुनेचा निरोप वाचाया आला. तुम्ही सोबत होता, तुम्हाला आला का?"

भोवती हसायला कुणी नव्हतं; माणसं पांगली होती. तेच वाईट झालं. लोक हसले असते तर अण्णारावला त्यांच्यावर चिडता आलं असतं. निवृत्तीने दयानंदकडून पैसे घेतले, शिवशंकरच्या हातात दिले, आणि दुसऱ्या सौद्याकडे निघाला. जाताना दयानंदच्या मनगटाकडे बोट करून म्हणाला, "साहेब, भारी वस्तू हाय. पुढच्या बारीला घरी ठेवून या."

कालवड भाड्याच्या छोट्या टेम्पोत चढली. अण्णाराव दयानंदच्या गाडीत न बसता टेम्पोत, तिच्याजवळ, फाळक्याला टेकून बसला. दयानंदने गाडी एका ओळखीच्या माणसाकडे दिली आणि तोही मागे येऊन बसला. कालवड वळणावर पाय रोवून उभी राहायची आणि तिचं शेपूट दयानंदच्या शर्टाला लागायचं.

मनगट थरथरलं. दयानंदने यावेळी बापाकडे बघून मग घड्याळाकडे बघितलं.

"काय म्हणूलालं?"

"शाबास म्हणतंय. आज उद्दिष्टापेक्षा जास्त चाललात."

"चाललो मी," अण्णाराव म्हणाला. "शाबासकी तुला."

दयानंद हसायचा प्रयत्न करून थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "चुकलं माझं, अण्णा."

"तुझं कसं चुकंल? तुझ्या हातात ब्याण्णव हजारांचं हाय. ते कसं चुकंल?"

तरी तो त्या घड्याळाकडे बघतच होता. त्या चौकोनात काय लिहून आलं होतं, ते त्याला दिसलं असतं, निवृत्तीच्या आधी दिसलं असतं, तर त्याने मुलाच्या हातावर रुमाल दाबून धरला असता. त्याला फक्त उजेड दिसला होता. ही गोष्ट त्याला त्या वस्तूवर ढकलता येईना, आणि त्याला तेवढ्यासाठीच तिचा आणखी राग आला.

"दाव इकडं," तो म्हणाला.

दयानंदने हात पुढे केला. निरोप काढून दाखवला. अण्णारावने त्या मोठाल्या अक्षरांकडे बराच वेळ बघितलं.

"ह्यात ऐंशी कुठं हाय?"

दयानंदने बोट ठेवलं. अण्णारावने मान हलवली आणि तोंड फिरवलं. "एवढं मोठं लिहायची काय गरज असती? सगळ्या बाजाराला वाचाया."

गावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. गुणाबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. तिने कालवडीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, तुकडा खाऊ घातला आणि तिच्या तोंडाला तोंड लावून काही तरी बोलली. ते तिचं तिलाच ठाऊक. मग नवऱ्याचा हात धरून त्याला टेम्पोतून उतरवताना तिची नजर त्याच्या मनगटावर गेली.

"अगं बाई. सकाळी चावी द्यायची राहिली की. हे तर पहाटंचंच बंद पडलंय."

अण्णारावने बघितलं. दोन्ही काटे खरंच जागच्या जागी उभे होते. दिवसभर त्याने त्या घड्याळाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"तुमचं बी झोपतंय की," गुणाबाई म्हणाली आणि चावी फिरवू लागली. एक, दोन, तीन.

दयानंद ओठ आवळून उभा होता. हसला असता तर अण्णारावने त्याला सोडलं नसतं. तो हसला नाही, आणि कालवड घेऊन गोठ्याकडे निघाला. तिकडून त्याने विचारलं, "सुकन्याला काय कळवू, अण्णा?"

"गाय आली म्हणून कळव."

"आणि?"

"आन् सौदा चालू असताना तोंड मिटून बसावं म्हणावं, माणसानं." अण्णाराव गोठ्याच्या दारात आला. "कळवशील मागनं. आधी ते काढ हातातलं. दावं नवं हाय, गाठ घट्ट लागती, मधी ती काळी पट्टी कडमडूलाली."

"अण्णा, एकशे बारावा दिवस..."

अण्णाराव वळलेली मूठ दाराच्या चौकटीवर ठेवून नुसता बघत राहिला. दयानंदने घड्याळ काढलं, कोनाड्यात कंदिलाशेजारी ठेवलं आणि गुडघ्यांवर बसून दावणीला गाठ मारायला लागला. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली.

"डावीकडनं," अण्णाराव म्हणाला. "डावीकडनं घे, मास्तर."